तीन सिलिंडर की चार?

१९५६ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून फर्ग्युसन ३५ नावाचा ट्रॅक्टर विक्रीला आला. डिझेलवर चालणारा हवा असेल तर त्यात स्टँडर्ड मोटर कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन बसवून मिळे. एकदा काम सुरू झालं की हे इंजिन चांगलं चाले. तक्रार असायची ती सकाळची. गारठ्यात ते लवकर धरायचं नाही. हीटर तापवा, सेल्फ मारा, पुन्हा हीटर तापवा, आणि तेवढ्यात बॅटरी बसायची. १९५९ मध्ये मॅसी-फर्ग्युसननं पर्किन्स ही इंजिनं बनवणारी कंपनीच विकत घेतली, आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून त्याच ट्रॅक्टरात पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन येऊ लागलं. ताकद साधारण तेवढीच, पण थंडीत पटकन धरणारं. साठ वर्षं उलटली तरी ब्रिटनमध्ये जुना ३५ घ्यायला निघालेला माणूस आधी विचारतो, तीन सिलिंडरचा की चारचा? आणि तीनवाल्याला जास्त पैसे मोजतो.

आपल्याकडे जुना ट्रॅक्टर बघायला गेलेल्या माणसाला हे उलटं वाटेल. सिलिंडर जास्त म्हणजे ट्रॅक्टर भारी, असा समज गावोगाव पक्का आहे. त्याच्या जोडीला दुसरा समज एचपीचा. बॉनेटवरचा आकडा मोठा, की ओढ मोठी. जुन्या ट्रॅक्टरचा सौदा बहुतेक वेळा मॉडेलचं साल, टायर, रंग आणि या दोन समजुतींवर ठरतो. इंजिनाची जात कोणती, ती आपल्या कामाला बसते का, आणि ते उघडायची वेळ आली तर तालुक्याच्या गावात ते कोण उघडणार, हे प्रश्न पैसे दिल्यानंतर सुचतात. या प्रकरणात ते आधी विचारायचे आहेत.

आधी त्या कॉव्हेंट्रीच्या इंजिनाचं बघू, कारण त्यात सिलिंडरच्या संख्येपेक्षा मोठी गोष्ट दडलेली आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा गेला की तो पेटतो. स्टँडर्डच्या इंजिनात हा फवारा थेट पिस्टनच्या डोक्यावर जात नसे. तो आधी हेडमधल्या एका लहानशा कप्प्यात पेटायचा आणि तिथून ज्वाळा सिलिंडरमध्ये शिरायची. कप्पा, त्याच्या भिंती, त्याचं तोंड हे सगळं गार असलं की हवेतली उष्णता शोषून घ्यायचं, आणि डिझेल न पेटता नुसता पांढरा धूर बाहेर पडायचा. पर्किन्सच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावरच्या खळग्यात फवारलं जाई. उष्णता वाया जायला जागा कमी, म्हणून सकाळी पटकन चालू आणि दिवसभरात डिझेलही कमी. कप्प्यातलं ज्वलन आणि थेट फवारा यांच्या खर्चात साधारण १० ते १५ टक्क्यांचा फरक पडतो. आपल्याकडच्या ट्रॅक्टरांच्या नावापुढे 'डीआय' ही अक्षरं लागतात ती या थेट फवाऱ्याची. म्हणजे ब्रिटिश शेतकऱ्यानं तीन सिलिंडरांना मान दिला तो ते तीन होते म्हणून नव्हे, तर डिझेल पेटवण्याची त्यांची रीत चांगली होती म्हणून.

या इंजिनाचं घराणं आपल्या ओळखीचं आहे. १९६० मध्ये चेन्नईत टॅफे कंपनी सुरू झाली आणि मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर भारतात बनू लागले. इंजिनं सिम्पसन कंपनीची, मूळ पर्किन्सच्या परवान्यावर घडलेली. मॅसी १०३५ डीआय गेली कित्येक दशकं आपल्या शिवारात फिरतो आहे, तो त्या ३५ च्याच वंशातला. त्याच्या इंजिनाचा लायनर-पिस्टनचा संच महाराष्ट्रातल्या जवळपास कुठल्याही तालुक्याच्या बाजारात मिळतो, आणि हे इंजिन डोळे झाकून जोडणारे मिस्त्री अजून आहेत. जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत ही गोष्ट कुठल्याही तांत्रिक आकड्याइतकीच वजनाची आहे.

आता एचपी. जुन्या बाजारात नेहमी शेजारी शेजारी उभे दिसणारे दोन ट्रॅक्टर घ्या, महिंद्रा २७५ डीआय टीयू आणि स्वराज ७३५ एफई. कंपन्यांनी वर्षागणिक आकडे थोडे इकडे-तिकडे केले आहेत, पण ढोबळमानानं पहिला ३९ एचपीचा आणि दुसरा ४० एचपीचा. दोन्ही तीन सिलिंडरचे. कागदावर जुळे भाऊ. पण महिंद्राच्या इंजिनाचं आकारमान २०४८ सीसी आहे आणि स्वराजचं २७३४. पहिलं इंजिन आपली ताकद २१०० आरपीएमला देतं, दुसरं १८०० ला.

एचपी म्हणजे ओढ आणि वेग यांचा गुणाकार. इंजिनाच्या शाफ्टवरचा पीळ, म्हणजे टॉर्क, काढायचा असेल तर एचपीला ७१६ नं गुणायचं आणि आरपीएमनं भागायचं. उत्तर किलोग्रॅम-मीटरमध्ये येतं. महिंद्राचं येतं साधारण १३.३, स्वराजचं १५.९. एचपी जवळपास सारखं असून पिळात सुमारे २० टक्क्यांचा फरक. गिअरबॉक्स हा फरक चाकापर्यंत बराचसा भरून काढतो, त्यामुळे २७५ कमजोर आहे असं कुणी म्हणू नये. फरक कळतो तो काळ्या जमिनीत नांगर एकाएकी घट्ट पट्ट्यात शिरतो तेव्हा. मोठ्या सिलिंडरचं, सावकाश फिरणारं इंजिन आवाज खाली आणतं, दबतं आणि तसंच ओढत राहतं. लहान आकाराच्या इंजिनाला फेरे टिकवावे लागतात. ते पडले की चालकाला गिअर खाली घ्यावा लागतो.

आणखी एक हिशेब आहे, तो जुन्या ट्रॅक्टरलाच लागू पडणारा. १८०० आरपीएमचं इंजिन तासाला १,०८,००० फेरे घेतं, २१०० चं १,२६,०००. प्रत्येक तासाला १८,००० फेरे जास्त. रिंग लायनरवर घासते ती फेऱ्याफेऱ्याला. दहा-बारा वर्षं चाललेल्या ट्रॅक्टरात हे फेरे साठलेले असतात, आणि ट्रॅक्टर खरोखर किती चालला ते अवर मीटरवरून नीट कळत नाही. एकतर जुन्या यांत्रिक मीटरचा 'तास' इंजिनाच्या फेऱ्यांवरून मोजलेला असतो, रेस कमी असली की तो हळू पुढे सरकतो. दुसरं म्हणजे मीटर बदलणं ही फार सोपी गोष्ट आहे. मी मीटरकडे बघतो, पण त्यावर भरवसा ठेवून भाव ठरवत नाही.

पण मग मोठं आणि संथ तेच नेहमी चांगलं का? नाही. द्राक्षबागेत फवारणी, भाजीपाल्याची हलकी मशागत, रिकामी ट्रॉली घेऊन तालुक्याला जाणं, अशी हलकी कामं जास्त असतील तर मोठं इंजिन निम्म्या ओझ्यावर चालत राहतं आणि स्वतःचेच मोठे पिस्टन हलवायला डिझेल खातं. तिथं दोन लिटरचं इंजिन काटकसरीचं ठरतं. काम कोणतं, हे ठरवल्याशिवाय इंजिन ठरत नाही.

चार सिलिंडरचा प्रश्न इथंच सुटतो. महिंद्रा ५७५ डीआय चार सिलिंडरचा, २७३० सीसी, ४५ एचपी, १९०० आरपीएमचा. आता २७३० ला चारनं भागा, येतात साडेसहाशेच्या पुढे, ६८२ च्या आसपास. २७५ च्या २०४८ ला तीननं भागा, येतात तेवढेच. म्हणजे ५७५ मधला एक सिलिंडर कमी केला की २७५ होतो. दुसरीकडे स्वराज ७३५ चे २७३४ सीसी तीन सिलिंडरांत वाटले की प्रत्येकाला ९११ येतात. ५७५ आणि ७३५ या दोघांच्या पोटात हवा जवळपास सारखीच मावते. एकानं ती चार लहान सिलिंडरांत वाटली आहे, दुसऱ्यानं तीन मोठ्यांत.

या वाटणीचा परिणाम चालकाला बसल्या जागी कळतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. चार सिलिंडर असतील तर दर अर्ध्या फेऱ्याला एक ठोका पडतो, तीन असतील तर दर दोन-तृतीयांश फेऱ्याला. त्यामुळे चार सिलिंडरचं इंजिन मळणी यंत्रावर किंवा उसाच्या ट्रॉलीखाली एकसारखं वाहतं, हादरे कमी देतं. दिवसभर पीटीओवर काम करणाऱ्या भाडेकरी ट्रॅक्टरवाल्यांना चार सिलिंडर आवडतात ते उगीच नाही. पण इंजिनाचं काम निघालं की चार लायनर, चार पिस्टन, चार रिंगसेट, चार नोझल घ्यावे लागतात, आणि दर सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेल्या पंपात प्लंजरही चार असतात. तीन सिलिंडरला सगळं एक-एकनं कमी. जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यानं तो कधी ना कधी उघडावा लागणार हे धरूनच चालावं, म्हणून हा फरक खिशाला जाणवणारा आहे. उलट, तीनपैकी एक सिलिंडर बसला तर ताकदीचा एक-तृतीयांश भाग गेला. चारपैकी एक बसला तर पाव भाग.

सिलिंडरांच्या संख्येचा भ्रम जायला दोन टोकं पाहावीत. नाशिककडच्या द्राक्षबागांत ओळींमधून फिरणारा व्हीएसटी शक्तीचा छोटा ट्रॅक्टर, एमटी १८० डी, तीन सिलिंडरचा आहे, पण तिन्ही मिळून जेमतेम ९०० सीसी आणि साडेअठरा एचपी. आयशरचा जुना २४१ एका सिलिंडरचा, पण तो एकटाच १५५७ सीसीचा आणि २५ एचपीच्या घरातला. तीन लहान की एक मोठा, हे नुसत्या संख्येवरून कळत नाही. सिलिंडर किती हे विचारलं की लगेच सीसी किती आणि आरपीएम किती हेही विचारायचं.

आयशरचा विषय निघालाच आहे तर हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाबद्दल बोलायला हवं, कारण कोरडवाहू भागात हे ट्रॅक्टर अजून विकायला निघतात. १९५९ मध्ये फरीदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर तयार झाला, आणि हवेवर थंड होणारी इंजिनं ही या कंपनीची ओळख बनली. २००५ मध्ये टॅफेनं हा व्यवसाय घेतला. या इंजिनाला रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होजपाइप नाहीत. पाणी नाही म्हणजे पाणी आटणं नाही, हेडमधून पाणी ऑइलमध्ये उतरणं नाही. रचना एवढी सुटसुटीत की हात बसलेला मिस्त्री हेड आणि बॅरल शेतातच उतरवतो. कमी डिझेलमध्ये हलकं काम हवं असलेल्या छोट्या शेतकऱ्यासाठी मी आजही हे इंजिन सुचवेन.

पण त्याचं पथ्य कडक आहे. सिलिंडरभोवतीच्या पातळ पंखांमधून हवा गेली तरच उष्णता बाहेर पडते. मळणीच्या हंगामात ट्रॅक्टर दिवसभर एका जागी उभा, समोरून भुसा उडतोय, आणि ऑइलच्या गळतीनं ओले झालेले पंख तो भुसा धरून ठेवतात. आठ दिवसांत तिथं लेप तयार होतो. विदर्भात आणि खानदेशात मे महिन्यात हवाच ४५ अंशांची असते, त्यात हा लेप बसला की सिलिंडर अडकायला वेळ लागत नाही. पाण्याच्या इंजिनात काटा लाल पट्ट्याकडे सरकताना दिसतो, टोपीतून वाफ येते. इथं इशारा मिळतो तो बहुधा आवाज बदलल्यावर, आणि तोवर उशीर झालेला असतो. हवेवरचा जुना ट्रॅक्टर बघायला गेलात तर आधी बॅटरी घेऊन पंखांच्या फटीत उजेड पाडा. फटी मोकळ्या आणि कोरड्या असतील तर मालकानं ट्रॅक्टर सांभाळला आहे. आतून काळा, घट्ट थर दिसला तर बॉनेटचा रंग कितीही नवा असो, पुढं बघायची गरज नाही.

इंजिनाइतकाच महत्त्वाचा त्याच्या कुशीतला डिझेल पंप, आणि त्याची निवड जवळजवळ कुणीच करत नाही. जुन्या ट्रॅक्टरांत दोन प्रकार भेटतात. इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र प्लंजर असतो, ते एका ओळीत उभे असतात आणि त्यांचा खालचा भाग ऑइलमध्ये भिजलेला असतो. रोटरी पंप गोल आणि आटोपशीर असतो. एकच फिरता भाग सगळ्या नोझलना आळीपाळीनं डिझेल वाटतो आणि त्याचं वंगण डिझेलच करतं. सिम्पसन इंजिनांवर रोटरी पंप बऱ्याचदा दिसतो. महिंद्रा-स्वराजच्या जुन्या गाड्यांवर बहुधा मायको कंपनीचा इनलाइन.

रोटरी पंप हलका आणि नवा असताना अचूक. पण त्याच्या आतली फट केसापेक्षाही बारीक असते, आणि ड्रममधून ओतलेल्या डिझेलबरोबर गेलेलं पाणी किंवा बारीक कचरा थेट त्या फटीत शिरतो. पंप झिजला की पहिलं लक्षण असं दिसतं: सकाळी गार असताना ट्रॅक्टर छान चालू होतो, दोन तास काम करून बंद केला की तापलेल्या अवस्थेत सेल्फ मारत बसावं लागतं. पंप गार पाण्याच्या फडक्यानं थंड केल्यावर तो चालू होत असेल तर पंपाचं काम निघालं हे नक्की. दुसरं लक्षण डीपस्टिकवर दिसतं. पंपाचं सील गेलं की डिझेल टायमिंगच्या बाजूनं ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते आणि बोटाला लावलं की डिझेलचा वास येतो. असं ऑइल क्रँकची बेअरिंग खाऊन टाकतं. इनलाइन पंप जास्त सोसतो, झिजला तरी बरेच दिवस ओढून नेतो, आणि मायकोचे पंप बेंचवर लावणारी दुकानं आपल्याकडे जागोजाग आहेत. नाशिकला तर या कंपनीचा नोझल-इंजेक्टर बनवणारा कारखानाच आहे, आणि शहरातला एक मोठा चौक त्याच्या नावानं ओळखला जातो. माझं मत सरळ आहे. दोन सारखे ट्रॅक्टर समोर असतील तर जुन्यात इनलाइन घ्यावा. रोटरी घ्यायचा तर पंप दुरुस्त करणारा खात्रीचा माणूस जवळ असला पाहिजे, आणि डिझेल गाळून भरायची सवय घरातल्या सगळ्यांना असली पाहिजे.

पन्नास एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांचं आता वेगळंच झालं आहे. जानेवारी २०२३ पासून या गटातल्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ ची धुराची मर्यादा लागू झाली आणि त्याबरोबर संगणकानं नियंत्रित होणारे कॉमन रेल पंप आले. त्याआधीचा मोठा ट्रॅक्टर बहुतेक वेळा यांत्रिक पंपाचा असतो आणि गावातला मिस्त्री त्याला हात लावू शकतो. टर्बो असलेला जुना ट्रॅक्टर घेताना सायलेन्सरच्या बाजूची आणि हवेच्या पाइपच्या आतली ऑइलची ओल बघावी. टर्बोच्या बेअरिंगला ऑइलच थंड ठेवतं, आणि भर ओढीतून थेट इंजिन बंद करण्याची सवय असलेल्या चालकाकडचा टर्बो लवकर जातो.

एवढं ठरवून मग प्रत्यक्ष ट्रॅक्टरापाशी जायचं, शक्यतो सकाळी, आणि न कळवता किंवा ऐनवेळी कळवून. पोचल्यावर बोलणं सुरू करायच्या आधी हाताचा पंजा इंजिनाच्या ब्लॉकवर टेकवायचा.

"अण्णा, गाडी सकाळीच फिरवून आणली का?"

"नाही हो दादा, जरा पाणी मारायला बाहेर काढली होती."

ब्लॉक कोमट असेल तर चहा घ्या, दोन-तीन तास थांबा, आणि पूर्ण गार झाल्यावर मगच सेल्फ मारायला सांगा. थकलेलं इंजिन आपलं दुखणं गार असतानाच दाखवतं. रिंगा झिजल्या की दाब कमी पडतो, हवा पुरेशी तापत नाही, आणि डिझेल न पेटता पांढऱ्या धुरासारखं बाहेर येतं. तापल्यावर हेच इंजिन एका झटक्यात चालू होतं, म्हणून विकणारा ते तापवून ठेवतो.

चालू झाल्यावर धुराकडे बघा. पांढरा धूर मिनिटाभरात गेला तर ठीक. पांढरा राहिला आणि त्यात वाफेचा ओलावा असला तर पाणी सिलिंडरमध्ये येतंय का ते रेडिएटरच्या टोपीत बघा, तिथं बुडबुडे येत असतील तर हेड किंवा हेड गॅस्केटचं काम. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, म्हणजे कधी नुसता एअर क्लिनर, कधी नोझल, कधी पंप वाढवून ठेवलेला. एचपी वाढली असं दाखवायला पंपाचं डिझेल वाढवून विकणारे आहेत. तो ट्रॅक्टर दारात चांगला उड्या मारतो.

मग ऑइल भरायची टोपी, इंजिन चालू असतानाच, उघडा. चांगल्या इंजिनात तिथून हलकी ऊब येते, एखाद-दुसरी धुराची रेघ. झिजलेल्या इंजिनात फुकफुक करत धूर येतो, पिस्टनच्या प्रत्येक ठोक्याबरोबर. हात धरला तर तळव्यावर ऑइलचे शिंतोडे बसतात. हा धूर म्हणजे वरचा दाब रिंगांच्या बाजूनं खाली निसटतोय याची साक्ष. रिंगा-लायनर, म्हणजे हाफ इंजिनाचं काम ठरलेलं. ऑइल प्रेशरचा काटा गार असताना वर आणि अर्ध्या तासानं, रेस कमी केल्यावर, खाली टेकत असेल तर क्रँकपर्यंत जावं लागेल, म्हणजे फुल इंजिन. क्रँक आधी ग्राइंड झालेला आहे का आणि किती साइजवर आला आहे, हे मिस्त्रीला विचारायला लावा. शेवटच्या साइजवर आलेला क्रँक पुन्हा ग्राइंड होत नाही, तो बदलावाच लागतो.

एक सिलिंडर मंद आहे असं वाटलं तर मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपची चुडी सैल करून बघतो. चुडी सैल केल्यावर इंजिनाचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. आवाज बदललाच नाही तर दोषी तोच. ही परीक्षा त्यालाच करू द्यावी आणि आपण हात लांब ठेवावा. नोझलच्या दाबानं, सुमारे २०० बारनं, सुटणारी डिझेलची धार कातडीत शिरते, आणि तसं झालं तर तासाभरात दवाखाना गाठावा लागतो.

शेवटची परीक्षा शेतात. पलटी नांगर किंवा रोटाव्हेटर लावून, आपल्याच जमिनीसारख्या जमिनीत, किमान अर्धा तास. इंजिन दबल्यावर गव्हर्नर डिझेल वाढवतो आणि फेरे पुन्हा वर येतात का, हे इथंच दिसतं. ज्यांना आकड्यांत बघायचं आहे त्यांच्यासाठी मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय संस्थेचे चाचणी अहवाल आहेत. त्यात प्रत्येक मॉडेलची पीटीओवर मिळालेली खरी ताकद, डिझेलचा खर्च आणि ओझं वाढल्यावर टॉर्क किती वाढतो हे छापलेलं असतं. पीटीओवरचा आकडा बॉनेटवरच्या एचपीपेक्षा कमीच असतो. दोन ट्रॅक्टरांची तुलना करायची तर ती याच आकड्यावर करावी.

आता सुट्या भागांचं. हरियाणातल्या पिंजोरला झेटरच्या तंत्रावर बनलेले एचएमटीचे ट्रॅक्टर मजबूत होते, आणि त्यांच्यावर जीव असणारे शेतकरी मी पाहिले आहेत. पण २०१६ मध्ये केंद्र सरकारनं तो ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. तेव्हापासून असा ट्रॅक्टर घेणं म्हणजे भागांचा शोध आपल्या अंगावर घेणं. हौस असेल, जुना साठा असलेलं दुकान माहीत असेल, तर घ्यावा. उसाच्या हंगामात ज्याचा रोजगार ट्रॅक्टरवर आहे त्यानं घेऊ नये. सौदा करायच्या आधी तालुक्याच्या पार्ट्सच्या दुकानात जाऊन त्या मॉडेलचा लायनर सेट, हेड गॅस्केट आणि नोझल आहेत का, आणि कुठल्या बनावटीचे, हे विचारून यायला एक सकाळ लागते.

कागद बघताना आरसी बुकावरचा इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेल्या नंबराशी ताडून पाहा. जुन्या ट्रॅक्टरांत दुसऱ्या गाडीचं इंजिन उचलून बसवलेलं असतं, कधी त्याच मॉडेलचं, कधी नाही. नंबर घासलेला दिसला तर तो सौदा सोडा. पुढे नावावर करताना, विमा काढताना आणि परत विकताना अडचण तुमचीच होणार आहे.

दहा-पंधरा एकर काळी जमीन, ऊस नाहीतर सोयाबीन-हरभरा, असा शेतकरी माझ्याकडे आला तर मी त्याला तीन मोठ्या सिलिंडरचा, १८०० ते २००० आरपीएमचा, इनलाइन पंपाचा ट्रॅक्टर सांगतो. भाड्यानं मळणी आणि वाहतूक करणाऱ्याला चार सिलिंडरचा. आणि दोघांनाही सांगतो की सोबत मिस्त्री न्या, पण त्याची दिवसाची हजेरी तुम्ही स्वतः द्या, विकणाऱ्याला देऊ देऊ नका.